तिसऱ्या घंटेच्या आत: दादरमध्ये नाटकाला जाताना कुठे आणि काय खावं

मे महिन्यातला शनिवार होता. शिवाजी मंदिरला रात्री आठचा प्रयोग. आत्या नागपूरहून आली होती, आणि तिला नाटकाची जितकी हौस, तितकीच मुंबईत येऊन मासे खायची. सात वाजता दार उघडताच आम्ही एका मालवणी खाणावळीत शिरलो. सुरमई फ्राय, तांदळाची भाकरी, सोलकढी. ताट समोर आलं तेव्हा सात चाळीस झाले होते. दुसरी भाकरी तव्यावरच होती, ती सोडून आम्ही उठलो. तिसरी घंटा जिन्यात ऐकली. आमच्या खुर्च्या रांगेच्या मधोमध. अंधारात दहा-बारा जणांचे गुडघे ओलांडत बसेपर्यंत पहिला प्रवेश अर्धा झाला होता, आणि मोबाइलच्या उजेडाने पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागे वळून पाहिलं. रंगमंचावरच्या माणसालाही ते दिसलं असणार. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

खाणावळीची काही चूक नव्हती. मासा ताजा होता, भाकरी मऊ होती. जागा चांगली होती, पण त्या वेळेला ती निवडायला नको होती. तेव्हापासून दादरला नाटकाला जाताना मी आधी घड्याळ बघते आणि मग पदार्थ. दर महिन्याला डोंबिवलीहून एक-दोन प्रयोगांना येणं होतं, त्यातून जमलेली ही पद्धत सविस्तर लिहिते आहे.

आधी प्रयोगाची वेळ घ्या आणि उलटं मोजत या

रात्री आठचा प्रयोग धरू. शिवाजी मंदिरचं प्रेक्षागृह वर आहे, खाली दुकानं. म्हणजे जिना आला, तिकीट दाखवणं आलं, स्वच्छतागृहाची रांग आली. सात पन्नासला खुर्चीत बसायचं तर सात चाळीसला दारात हवं. उपहारगृहातून चालत यायला दहा मिनिटं, कारण शनिवारी-रविवारी केळकर रस्त्यावर कोणी भराभर चालूच शकत नाही. बिल मागणं, देणं, हात धुणं याला दहा मिनिटं. खायला वीस-पंचवीस. पदार्थ यायला दहा-पंधरा. आणि सुट्टीच्या दिवशी टेबल मिळायला वीस ते तीस मिनिटं. बेरीज केलीत तर सव्वासहाच्या आसपास दाराशी नाव लिहिलेलं असायला हवं.

सव्वासहाला बहुतेक मालवणी खाणावळी बंद असतात. दुपारचं जेवण साडेतीन-चारला आवरतं आणि पुन्हा चूल सातला पेटते. त्यामुळे रात्रीच्या प्रयोगाआधी मासे जमत नाहीत, आवड असो वा नसो. त्या वेळी उपहारगृह हाच पर्याय.

दुपारी साडेतीन किंवा चारच्या प्रयोगाचं गणित अगदी वेगळं. मासळीचं ताट खरं या प्रयोगाबरोबर बसतं. बाराला, जास्तीत जास्त सव्वाबाराला खाणावळीत जा. एक वाजला की रविवारची गर्दी जिन्यापर्यंत येते. दीडपर्यंत जेवून झालं की दोन तास हाताशी राहतात. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसा, एक फेरी मारा. ही फेरी चुकवू नका. भात-आमटीवर थेट थंडगार प्रेक्षागृहात जाऊन बसलात तर पहिल्या अंकात डोळे मिटतातच, नाटक कितीही चांगलं असो.

सकाळी अकराच्या प्रयोगाला घरून पोटभर नाश्ता करून निघा. सुटताना दीड-दोन होतात, आणि तेव्हा दादरमध्ये सगळेच जेवायला बाहेर पडलेले असतात. त्याचं काय करायचं ते पुढे येईल.

बरोबर कोण आहे

दोघं असाल तर दादरमध्ये कुठेही जागा होते, कारण इथे अनोळखी माणसांबरोबर टेबल वाटून घ्यायची जुनी रीत आहे. वेटरने "दोन जण इथे बसा" म्हटलं की बसावं, समोरच्याची मिसळ बघून आपली ऑर्डर ठरवावी. चार जण असाल तर निम्म्या वेळा दोन-दोन वेगळं बसावं लागतं. सहाहून जास्त असाल तर सुट्टीच्या दिवशी प्रयोगाआधी एकत्र बसून खायचा हट्ट सोडा. एकत्र जेवण प्रयोगानंतर ठेवा, आधी ज्याने त्याने आपापलं खाऊन नाट्यगृहाच्या दाराशी भेटा.

ज्येष्ठ माणसं असतील तर पायऱ्या मोजा. दादरची काही जुनी खाणावळ-उपहारगृहं पोटमाळ्यावर किंवा पहिल्या मजल्यावर माणसं बसवतात. फोन करून "खाली जागा मिळेल का, आजींना जिना चढवत नाही" असं विचारलं तर बहुतेक ठिकाणी सांभाळून घेतात. मधुमेह असलेल्यांना रात्री साडेदहापर्यंत उपाशी ठेवू नका. त्यांचं आधीचं खाणं हेच जेवण धरा.

पातेल्यातलं की तव्यावरचं

या सगळ्यात मला सर्वात उपयोगी पडलेली गोष्ट ही आहे. मेनूकार्ड हातात आलं की पदार्थांचे मनात दोन भाग करायचे: तयार असलेलं आणि ऑर्डरनंतर होणारं.

मिसळ तयार असते. उसळ पातेल्यात, कट वेगळा, वर फरसाण घालायचं की प्लेट बाहेर. पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी, डाळिंबीची उसळ, पियुष, खरवस, हे सगळं दोन-पाच मिनिटांचं. साबुदाणावडा आणि बटाटावडा घाण्याने निघतात. तुमची वेळ घाण्याशी जुळली तर लगेच मिळतो, नाहीतर दहा मिनिटं. वेटरला "घाणा आत्ता टाकलाय का?" असं सरळ विचारा, तो सरळ सांगतो.

थालीपीठ मात्र तुम्ही सांगितल्यावर थापलं जातं. मधे भोक पाडून, कडेने तेल सोडून, झाकण ठेवून, दोन्ही बाजूंनी खरपूस व्हायला वेळ लागतो, आणि घाईने काढलेलं थालीपीठ आत कच्चं राहतं. भाकरीचंही तसंच. भाकरी करणाऱ्या बाई दोन असतात आणि टेबलं पंचवीस. मासळी तळायची तर मसाला लावून, रव्यात घोळवून, मंद आचेवर. तुकडा जाड असेल तर पंधरा-वीस मिनिटं धराच.

म्हणून प्रयोगाआधी पातेल्यातलं मागवायचं आणि प्रयोगानंतर तव्यावरचं. खाणावळीत दुपारी वेळ कमी असेल तर फ्राय वेगळी न मागवता ताट घ्या. ताटातली आमटी, सुकं, भात, सोलकढी तयार असतात. तळलेल्या तुकड्यासाठी थांबायचं असेल तर तोवर बाकीचं सुरू करता येतं.

आणखी एक. प्रयोगाआधी कच्चा कांदा आणि जास्त तर्री टाळा. शेजारी अडीच तास कोणीतरी बसणार आहे आणि तुमच्या पोटालाही तेवढा वेळ गप्प बसायचं आहे. मिसळच हवी असेल तर कट कमी घ्या, कांदा बाजूला ठेवा. पियुष मला फार आवडतं, पण ते गोड आणि जड आहे. प्रयोगाआधी एक दोघांत पुरे.

कुठल्या नाट्यगृहाला कुठली बाजू

शिवाजी मंदिर प्लाझाच्या समोर, न. चिं. केळकर मार्गावर. इथून गोखले रस्ता आणि सेनाभवनाकडची बाजू चालत जाण्याजोगी. प्रकाश उपहारगृहाचा साबुदाणावडा आणि पियुष, गडकरी चौकातलं आस्वाद, दोन्ही याच पट्ट्यात. आस्वादच्या मिसळीला २०१५ साली लंडनमध्ये दिल्या गेलेल्या फूडी हब पुरस्कारांत जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ म्हणून मान मिळाला, आणि तेव्हापासून रविवारची रांग आणखी लांबली. मी तिथे सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी सहानंतर जात नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी पाच-साडेपाचला गेलात तर निवांत मिळतं. मासळीसाठी रा. के. वैद्य मार्गावरचं सिंधुदुर्ग आणि त्याच अंगाला असलेल्या दुसऱ्या मालवणी, गोमंतकी खाणावळी आहेत.

लक्षात ठेवायची गोष्ट अशी की एक प्रयोग सुटला की शेकडो माणसं एकाच क्षणी रस्त्यावर येतात आणि पहिल्या दिसलेल्या पाटीकडे वळतात. नाट्यगृहाच्या दारातून दिसणाऱ्या कुठल्याही जागी त्यानंतरची पंचेचाळीस मिनिटं अर्थ नाही. दहा मिनिटं चाला, दोन वळणं घ्या. त्यात शिवाजी पार्ककडे चालणं मला स्टेशनकडे जाण्यापेक्षा बरं वाटतं. स्टेशनकडच्या बाजूला फुलं, भाज्या, कपडे, खरेदी, गाडी पकडणारे, सगळेच असतात.

रवींद्र नाट्य मंदिर प्रभादेवीला आहे. नूतनीकरणानंतर २०२५ मध्ये ते पुन्हा सुरू झालं. तिथे मंगळवारी प्रयोग असेल तर सिद्धिविनायकाची गर्दी धरून चला, आणि अंगारकी असेल तर दादरलाच खाऊन जा, प्रभादेवीत टेबल शोधू नका. हाताशी अर्धा तास असेल तर कीर्ती कॉलेजच्या गल्लीतला वडापाव आणि वरचा चुरा. चुरा म्हणजे वडे तळताना सुटलेले बेसनाचे कुरकुरीत कण. उभ्याने खायचं, त्यामुळे टेबलाचा प्रश्नच नाही. वेळेच्या हिशेबात याच्याइतकं सोपं काही नाही.

यशवंत नाट्य मंदिर माटुंग्याला, पश्चिमेला, माटुंगा रोड स्टेशनजवळ. इथे मी आसपास काही शोधतच नाही. झेड ब्रिजवरून पूर्वेला जाते. माटुंगा स्टेशनजवळ रामाश्रय, बाजाराच्या वरच्या मजल्यावर रामा नायक यांचं १९४२ पासूनचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, आणि पुढे किंग्ज सर्कलला १९४० पासूनचं कॅफे मद्रास. इडली, उपमा, रसमवडा हे सगळं पातेल्यातलं, आणि वाढणाऱ्यांचा हात इतका चालतो की पंचवीस मिनिटांत तुम्ही बाहेर. पूल ओलांडून परत यायला वीस मिनिटं ठेवा. कॅफे मद्रास आणि उडुपी बोर्डिंग सोमवारी बंद असतात, आणि बोर्डिंगमधलं केळीच्या पानावरचं जेवण घाईने उरकायचं नसतं. तिथे अकराच्या प्रयोगानंतर किंवा चारच्या प्रयोगाआधी जा, तेही वेळ बघून, कारण दुपारचं पान उशिरा गेलं तर मिळत नाही.

दिवस आणि महिना बघा

१ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिकी नौकांना मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत सुरमई-पापलेट मिळतात, पण ते बर्फातले किंवा बाहेरून आलेले असण्याची शक्यता जास्त. तेव्हा वेटरला "आज ताजं काय आहे?" एवढंच विचारा. खाडीचे मासे, तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, सुकट-जवळा असं काही सांगितलं तर ते घ्या. तो क्षणभर थांबून "कोंबडीवडे घ्या ताई" म्हणाला तर त्याचं ऐका.

श्रावणात उलटं होतं. खाणावळीत जागा मिळते आणि उपहारगृहांबाहेर रांगा. एकादशीला आणि चतुर्थीला साबुदाणावडा लवकर संपतो. ६ डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, शिवाजी पार्क परिसरातले रस्ते वाहनांसाठी बंद असतात. त्या दिवसांत गाडी आणू नका आणि समुद्राच्या बाजूचं जेवणाचं ठिकाण ठरवू नका. गणपतीआधीचे आणि दिवाळीआधीचे दोन शनिवार-रविवार केळकर रस्ता आणि रानडे रस्ता खरेदीने भरलेले असतात. चालायच्या दहा मिनिटांची पंचवीस धरा.

रविवारी मेगाब्लॉक आहे का ते आदल्या दिवशी बघा. आमच्यासारख्या मध्य रेल्वेवाल्यांची गाडी अर्धा तास उशिरा पोचली की खाण्याची सगळी आखणी कोसळते. अशा दिवशी मी डब्यात धिरडी किंवा पराठा घेते आणि गाडीतच खाते. नाटक महत्त्वाचं, टेबल नाही.

दाराशी दोन मिनिटं उभं राहा

नवीन जागा असेल तर आत शिरण्याआधी बघायच्या गोष्टी. गल्ल्यावर बसलेला माणूस नावं कागदावर लिहून घेतोय का? घेत असेल तर रांग न्यायाने सरकते. बसलेल्या टेबलांपैकी किती जणांसमोर नुसतं पाणी आहे? निम्म्यांहून जास्त असतील तर स्वयंपाकघर मागे पडलंय, तिथे जाऊ नका, बाहेर रांग नसली तरी. बाहेर दहा जण उभे आणि आत सगळ्यांच्या ताटात जेवण, तर ती रांग झपाट्याने पुढे जाईल. मला हे कळायला फार वर्षं लागली. रिकाम्या दारापेक्षा ताटांकडे बघणं जास्त खरं.

बसताच वेटरला सांगा: "आठचं नाटक आहे, साडेसातला उठायचंय. काय लवकर येईल?" दादरचा वेटर हे वाक्य रोज ऐकतो. तो तुमच्याकडून मेनूकार्ड काढून घेईल आणि दोन पदार्थ सांगेल. ते मागवा. चहाबरोबरच बिल मागा. आणि सुटे पैसे किंवा यूपीआय तयार ठेवा, छोट्या जागी कार्ड चालेलच असं नाही.

मध्यंतर

पंधरा मिनिटांचं असतं. शिवाजी मंदिरचा बटाटावडा पिढ्यान् पिढ्या नाटकाचाच भाग झाला आहे, तो वगळा असं मी कोणालाही सांगणार नाही. पण आधी पोटभर खाल्लं असेल तर मध्यंतरात फक्त चहा. वडा खायचा ठरवला असेल तर प्रयोगाआधी अर्धं खा, आणि तसं ठरवूनच आधीचं ठिकाण निवडा. म्हणजे आधी पोहे आणि चहा एवढं पुरतं.

दोघं असाल तर कामं वाटून घ्या. दिवे लागताच एकाने रांगेत, दुसऱ्याने स्वच्छतागृहात. वडा हातात येतो तेव्हा कागदातून तेल बोटांना लागतं आणि आतला बटाटा इतका कढत असतो की पहिला घास तोंडात फिरवतच राहावा लागतो. म्हणून घेतल्याबरोबर तो मधोमध फोडा. वाफ बाहेर पडू द्या, मग लसणाची चटणी लावा. घंटा झाली आणि वडा उरला असेल तर तो बाहेरच संपवा किंवा कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवा. आत नेऊन कागदाचा चुरचुर आवाज करत खाऊ नका. दुसऱ्या अंकाची सुरुवात अनेकदा शांततेतून होते, आणि ती शांतता नटांनी मेहनतीने मिळवलेली असते.

प्रयोगानंतर

दुपारचा प्रयोग साडेसहाच्या सुमारास सुटतो. खाणावळ सातला उघडते. तो अर्धा तास नाटकाबद्दल बोलायला घ्या, आणि सातला पाच कमी असताना दाराशी असा. पहिल्या पंगतीचं तळण स्वच्छ तेलातलं, भाकरी पहिल्या तव्याची. माझ्या मते दादरमध्ये मासे खायची ही सर्वात चांगली वेळ, आणि पुढे कुठलीही घंटा नाही. आत्याला मी पुढच्या खेपेला असंच नेलं. तिने तिसऱ्यांचं सुकं दोनदा मागून घेतलं.

अकराचा प्रयोग दीडला सुटला तर उपहारगृहांच्या रांगेत उभं राहू नका. तेव्हा खाणावळ बरी, फक्त अडीचच्या आत बसा. तीननंतर "ताट संपलं" ऐकावं लागतं.

रात्री आठचा प्रयोग साडेदहा-पावणेअकराला सुटतो. तोवर उपहारगृहं बहुतेक बंद झालेली असतात आणि खाणावळींत शेवटची ऑर्डर घेऊन झालेली असते किंवा होत आलेली असते. इथे फोन हवाच, तोही संध्याकाळी नाट्यगृहात शिरण्याआधी. "किती वाजेपर्यंत उघडं आहे?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "साडेअकरा" येतं आणि तुम्ही पोचता तेव्हा खुर्च्या उलट्या टेबलावर ठेवलेल्या असतात. "शेवटची ऑर्डर किती वाजता घेता, आणि मध्यंतरातून फोन करून ऑर्डर सांगितली तर चालेल का?" असं विचारा. चालत असेल तर मध्यंतरात एकाने वड्याच्या रांगेतून तो फोन करायचा. मी दोनदा असं केलं आहे, आणि दोन्ही वेळा ताट दहा मिनिटांत समोर होतं.

परतीची गाडीही आधीच बघून ठेवा. मेट्रो ३ ने आला असाल तर तिची शेवटची गाडी टोकाच्या स्थानकांवरून साडेदहाच्या सुमारास सुटते, म्हणजे रात्रीच्या प्रयोगानंतर ती बहुधा मिळत नाही. लोकल मध्यरात्रीनंतरही असतात, पण कर्जत-कसाऱ्याच्या गाड्यांमधलं अंतर वाढलेलं असतं. स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांनी ती केळकर रस्त्यावर लावायचा प्रयत्न करू नये. कोहिनूर स्क्वेअरचं सार्वजनिक वाहनतळ चालायच्या अंतरावर आहे, आणि जेवण त्याच बाजूला ठरवलं तर एक फेरा वाचतो.

काहीच जमलं नाही, फोन लागला नाही, गाडी गाठायची आहे, असंही होतं. त्या रात्रीसाठी सकाळी निघतानाच कुकरमध्ये डाळ-तांदूळ धुऊन, निथळून फ्रिजमध्ये ठेवते. घरी पोचून पाणी घालायचं, तीन शिट्ट्या, वर तूप. तोवर कपडे बदलून होतात आणि दुसऱ्या अंकातलं काय पटलं नाही ते बोलून होतं.